लंडनच्या बाईची थिल्लर गाणी

मला बसमध्ये झोप लागत नाही. सिंगापुरातल्या जुरोंग आयलंडला जाणारी आमच्या कंपनीची बस सकाळी साडेसहाला सुटते आणि पूल यायच्या आत बाकीचे इंजिनियर माना टाकून मोकळे होतात. तपासणी नाक्यावर पास दाखवायला त्यांना हलवून उठवावं लागतं. मी आपली कानात इयरफोन घालून टक्क जागी. वीसेक वर्षं हेच चाललंय आणि ऐकणंही ठरलेलं. एक तर पुण्यातल्या माझ्या गाण्याच्या बाईंनी शिकवलेल्या बंदिशी, नाहीतर लंडनच्या संगीत नाटकांत गाणारी एक गायिका.

या लंडनच्या बाईचं नाव इथे लिहीत नाही. तिच्याबद्दल मी इतकी वर्षं छातीठोकपणे जे सांगत आले त्यातलं निम्मं माझ्याच मनाचं होतं, तेव्हा नाव घेऊन पापात भर कशाला घालू? एवढंच सांगते की नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेतल्या माणसालाही वाटावं, ही माझ्याशीच बोलतेय, असा तिचा आवाज. श्वास कुठे घेतला ते कळत नाही. वरच्या सुरावर जाताना धावपळ नाही, ओढाताण नाही. आमच्या बाईंनीसुद्धा एकदा फोनवरून ऐकून ‘पोटातून गाते’ असं म्हटलं होतं, आणि आमच्या बाई कुणाला सहजासहजी चांगलं म्हणत नसत.

गेल्या वर्षी एका सकाळी तिचा नेहमीचा अल्बम संपला आणि फोनवरचं ॲप आपल्याच मनाने पुढे काहीतरी वाजवत राहिलं. ड्रमचा पत्र्यासारखा आवाज, मागे तीन-चार मुलींचं ‘ऊ-ऊ’, आणि पुढे एक पोरगी, त्याचा फोन येत नाही म्हणून रुसलेली. असल्या गाण्यांना माझ्याकडे एकच शब्द आहे: थिल्लर. गाणं पुढे ढकलायला मी बोट उचललं आणि ते तसंच राहिलं. ओळ संपताना त्या पोरीने शेवटचा सूर सोडला, आणि सोडता सोडता किंचित वर उचलला. ही लकब मी हजार वेळा ऐकलेली. अगं बाई, ही तर तीच!

फोनवर बघितलं तर नाव तिचंच. नाटकांत जायच्या आधीच्या, एकोणीस वर्षांची असतानाच्या तबकड्या. खपल्या नव्हत्या म्हणे. कुणीतरी त्या पन्नास वर्षं घरात सांभाळल्या होत्या आणि आता खरखरीसकट लोकांसमोर ठेवल्या होत्या. एकूण अकरा गाणी. एकात ती दुसऱ्या कडव्यात चक्क सुराच्या खाली येते. एकाच्या शेवटी हसते. गाणं संपलंय, वाद्यं अजून चालू आहेत आणि तिला हसू आवरत नाही. तेही कुणी कापलेलं नाही.

बस पुलावर आली तेव्हा मी रडत होते. शेजारचा सहकारी जागा झाला, ‘ऑल ओके?’ म्हणाला. मी म्हटलं, डोळ्यात काहीतरी गेलंय. एसीच्या बंद बसमध्ये काय जाणार डोंबल! पण भला माणूस, पुढे काही विचारलं नाही त्याने.

का रडले ते सांगायचं तर मागे जायला हवं.

माझी लेक नऊ वर्षांची असताना त्या बाईचा गाण्यांचा एक कार्यक्रम इथे झाला होता. नवऱ्याने तिकिटं काढली, आम्ही तिघं गेलो. परत येताना एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, लेक उभ्याउभ्या गात होती, मोठ्याने, हात पसरून, आणि नवरा इकडेतिकडे बघत ‘हळू गं, हळू’ करत होता. गळा तिचा जन्मापासूनच मोकळा. त्या दिवसापासून तिला वेडच लागलं. शाळेतून आली की गाणं, अंघोळीत गाणं, लिफ्टमध्ये गाणं. आणि त्या दिवसापासून माझ्या हातात एक छडी आली. छडी म्हणजे तीच, लंडनची बाई.

‘ती अशी गाते ती काही उगीच नाही,’ मी लेकीला सांगायची. ‘पहाटे उठून दहा वर्षं नुसता खर्जाचा रियाज केला असेल तिनं. गुरूने हो म्हटल्याशिवाय तोंडातून गाणं काढलं नसेल. आधी पाया, मग कळस.’ मला कुणी सांगितलं होतं हे? कुणीही नाही. आमच्या बाईंच्या घरची सगळी शिस्त मी उचलून लंडनला नेऊन ठेवली होती. चांगलं गाणं दुसऱ्या कुठल्या वाटेने येऊ शकतं, हे माझ्या डोक्यातच शिरत नव्हतं. आणि हे मी इतक्या वेळा सांगितलं की शेवटी मलाही खरं वाटायला लागलं.

आमच्या बाईंकडे मी बारा वर्षं शिकले. त्यांचा नियम असा की त्यांनी परवानगी देईपर्यंत चारचौघांत गायचं नाही, आणि सिनेमाचं गाणं तर गुणगुणायचंही नाही. कॉलेजच्या गॅदरिंगला एकदा मैत्रिणींनी फारच गळ घातली म्हणून एक भावगीत म्हटलं. बाईंच्या कानावर गेलं. महिनाभर त्यांनी मला नुसतं तानपुऱ्यावर बसवलं, तोंड उघडू दिलं नाही. तो महिना मी अभिमानाने काढला. मग लग्न ठरलं, सिंगापूरला यायचं नक्की झालं, तेव्हा धीर करून विचारलं, ‘बाई, आता गाऊ का मी?’

बाई म्हणाल्या, ‘तुझा कान सोन्याचा आहे गं. गळा तेवढा नाही. तू ऐकणारी हो.’

बाई खोटं बोलल्या नव्हत्या. पण ते वाक्य जे घशात अडकलं ते अडकलंच. लेकीचा गळा ऐकला तेव्हा मनात आलं, माझ्या वाटचं ही गाईल. जे मला जमलं नाही ते मला तिच्याकडून करून घ्यायचं होतं. तेव्हा कुणी असं म्हटलं असतं तर मी त्याची खरडपट्टी काढली असती. आता माझं मीच लिहितेय आणि लाज वाटतेय.

बाई तोवर ऐंशीच्या घरात गेल्या होत्या, पण दर शनिवारी सकाळी भाचीच्या कॉम्प्युटरसमोर बसून आम्हा मायलेकींना व्हिडिओवरून शिकवायच्या. ते टिपून ठेवायला मी एक छोटा रेकॉर्डर घेतला होता. लेक पंधरा वर्षांची. अशाच एका शनिवारी बाई पडद्यावर येऊन बसलेल्या, तानपुरा चालू, लेक अजून अंघोळीला, आणि रेकॉर्डर म्हणतो जागा नाही. उघडून बघते तर आत तीसेक फायली, मी न केलेल्या. एक लावली. लेकीचा आवाज.

आमच्या फ्लॅटला बॉम्बशेल्टरची एक खोली आहे. इथल्या बऱ्याच फ्लॅटना असते. जाड लोखंडी दार, खिडकी नाही, आणि आत आम्ही तांदूळ नि गणपतीचं मखर ठेवतो. त्या खोलीत दार लावून तिनं गाणी रेकॉर्ड केली होती. सगळी इंग्लिश, सगळी पॉप. मध्येच हसणं, मध्येच ‘अगेन, अगेन’ असं स्वतःलाच सांगणं. शेवटची दोन-तीन तिनं स्वतः रचलेली होती, हे मला फार उशिरा कळलं. मी दोन फायली अर्ध्याअर्ध्या ऐकल्या, ‘थिल्लर’ म्हटलं आणि सगळं पुसून टाकलं. बाई थांबल्या होत्या. बाईंना ताटकळत ठेवायचं नसतं.

लेक ओल्या केसांनी येऊन बसली. मी सांगितलं, ‘रेकॉर्डर भरला होता, तुझं ते सगळं पुसलं मी. आता लक्ष दे.’ तिनं माझ्याकडे बघितलं. मग इथल्या पोरांच्या ढंगात शेवटी ‘लाह’ जोडून म्हणाली, ‘नेव्हर माइंड लाह, आई.’ आणि माझ्याशेजारी बसून तासभर पलटे घोटले. एकही चुकला नाही.

त्यानंतर काही शनिवार ती आली. मग परीक्षा आली, मग दुसरी परीक्षा. भांडली असती तर बरं झालं असतं. भांडणात मी काही हार जाणारी नाही. ती भांडलीच नाही. घरातलं गाणं थांबलं, आणि मला ते कळायला चार महिने लागले. तेसुद्धा नवऱ्याने सांगितलं तेव्हा. जेवताना म्हणाला, ‘ही हल्ली गात नाही. तुझ्या लक्षात आलंय का?’ मी म्हटलं, ‘वय आहे तसं. येईल ताळ्यावर.’ सोन्याचा कान म्हणे!

पुढे बाई गेल्या. लेक शिकली, नोकरीला लागली, बुओना व्हिस्टाला दोन मैत्रिणींबरोबर भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायला गेली. रविवारी आमच्याकडे जेवायला येते. आमचं काही वाईट चाललेलं नाही. आमटीत गूळ जास्त झालाय इथपासून तिच्या बॉसच्या तऱ्हेवाईकपणापर्यंत सगळं बोलतो. गाण्याबद्दल मात्र अकरा वर्षांत दोघींनी एक अक्षर काढलं नव्हतं.

आणि आता बसमध्ये ही एकोणीस वर्षांची पोरगी माझ्या कानात रुसत होती. खर्ज नाही, गुरू नाही, परवानगी नाही. सुराच्या खाली येत होती आणि खुशाल हसत होती. मी रचलेलं सगळं चरित्र त्या तीन मिनिटांत कोसळलं. पण त्याचं एवढं नाही. खोटं पडण्याची माणसाला सवय असते. जिव्हारी लागलं ते दुसरंच. कुणा परक्या माणसाने ही न खपलेली गाणी पन्नास वर्षं जपली, आणि मी आई असून माझ्या लेकीची पाच मिनिटंसुद्धा ठेवली नाहीत. तीही अशीच होती की. अशीच कोवळी, अशीच कच्ची, हसण्यासकट.

आठवडाभर जाता-येता मी तीच अकरा गाणी ऐकली. प्लांटमध्ये माझं काम सुरक्षा तपासणीचं. कुठे व्हॉल्व गळतोय, कुणी नोंद चुकवली, कुणी हेल्मेट काढून ठेवलंय, हे शोधत फिरायचं. लोक मला बघून सरळ उभे राहतात. त्या आठवड्यात माझाच रिपोर्ट दोनदा परत आला. माझं चित्तच थाऱ्यावर नव्हतं. मला एकच गोष्ट हवी होती: लेकीचं गाणं एकदा तरी पुन्हा ऐकायचं होतं. आणि ते मागायला मला तोंड उरलं नव्हतं, हेही स्वच्छ दिसत होतं.

रविवारी मी वरण-भात, बटाट्याची भाजी, शिकरण असं सगळं तिच्या आवडीचं केलं. जेवणं होत आली तेव्हा फोन टेबलावर ठेवला आणि ते रुसव्याचं गाणं लावलं.

‘कोण आहे सांग.’

दुसऱ्या ओळीला लेक म्हणाली, ‘नो वे! इज दॅट हर?’

‘तीच. एकोणीस वर्षांची.’

मग दुसरं लावलं. सूर उतरतो ती जागा आली तशी लेकीने माझ्याकडे चोरून बघितलं, मी काही म्हणतेय का म्हणून. मी काही म्हटलं नाही. तिनं ते शेवटपर्यंत ऐकलं.

आठवडाभर मी भाषण तयार केलं होतं, इंग्लिशमध्येसुद्धा. आयत्या वेळी त्यातलं काही आठवलं नाही. ‘मी तुझी गाणी पुसली,’ मी म्हटलं. ‘बाई थांबल्या होत्या म्हणून घाईत पुसली, असं मी स्वतःला सांगत आले. ते खोटं आहे. मला ती आवडली नव्हती, म्हणून पुसली. माझं चुकलं गं. माझ्यामुळे तू गाणं सोडलंस.’

नवऱ्याचा घास हातातच राहिला. लेक टेबलावर पडलेलं भाताचं शीत नखाने खरवडत होती.

‘ओके,’ ती म्हणाली. मग म्हणाली, ‘पण आई, मी गाणं नाही सोडलं.’

‘म्हणजे?’

‘आय सिंग. सहा वर्षं झाली. आम्ही चौघं आहोत. मंथली वन्स कम्युनिटी क्लबमध्ये शो असतो, संडेला. तुला सांगितलं नाही, दॅट्स ऑल.’

तिचं गाणं मी मारलं, असं मी धरून चालले होते. ते जिवंत होतं, चांगलं हातीपायी धड होतं. फक्त ते मला दाखवायचं नाही, असं ठरलेलं होतं. मला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही असेल कुठेतरी आत. पण आधी थोबाडीत बसल्यासारखं झालं.

‘बाबाला माहीत आहे?’

नवऱ्याने ताकाचा पेला तोंडाला लावला. आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. महिन्यातल्या एका रविवारी हा माणूस ‘उबीनला सायकल चालवायला जातो’ म्हणून दुपारी घराबाहेर पडतो आणि दिवेलागणीला परत येतो. पुलाउ उबीन म्हणजे बेट. होडीतून जायचं, उन्हात डोंगरदगडांतून सायकल हाणायची. आणि याच्या टी-शर्टला घामाचा टिपूस नसायचा. मी भोळी, मला वाटायचं होडीत वारा लागत असेल.

‘सायकलनेच जातो की,’ तो म्हणाला. ‘क्लबपर्यंत.’

‘आणि मला सांगावंसं वाटलं नाही? सहा वर्षं?’

‘तिनं सांगू नको म्हटलं होतं.’

माझा आवाज चढला होता. एरवी मी त्याला सोडला नसता, चांगला फैलावर घेतला असता. पण कुठल्या तोंडाने घेणार? मी ताटं उचलली आणि ओट्याशी गेले.

लेक मागोमाग आली, फडकं घेऊन पुसायला उभी राहिली. मी नळाकडे तोंड करूनच विचारलं, ‘मी आले तर चालेल?’

तिनं दोन ताटं पुसली, तिसरं पुसलं. वाट्या पुसल्या. मला वाटलं, ऐकलंच नाही. पुन्हा विचारायची माझी छाती होईना.

‘ये,’ ती म्हणाली. ‘पण मागे बस. आणि नंतर काही बोलायचं नाही. नॉट ईव्हन गुड.’

‘बरं.’

‘आणि तुझा फेस, आई. तू काही बोलली नाहीस तरी तुझ्या फेसवर सगळं दिसतं.’

‘आता चेहऱ्याला मी काय करू?’

‘आय डोन्ट नो. मास्क घाल.’

ती थट्टा करत नव्हती. पुढच्या महिन्यात मी खरोखरच मास्क लावून गेले.

क्लबच्या तळमजल्यावरचा हॉल, प्लास्टिकच्या खुर्च्या, संध्याकाळचे पाच. शेजारच्या ब्लॉकमधल्या आज्या पिशव्या मांडीवर घेऊन बसलेल्या, पोरं मध्ये धावतायत. मी नि नवरा शेवटच्या रांगेत. लोक याला हात करत होते, ओळखत होते. मला कुणीच ओळखत नव्हतं. लेक आली, माईकशी उभी राहिली, मागे गिटार, कीबोर्ड नि ड्रम घेतलेले तिचे तिघं दोस्त. तिनं समोरच्या आज्यांकडे बघून काहीतरी विनोद केला, आज्या हसल्या. मग ती गायला लागली.

आवाज खाली भरला होता, वर मोकळाच राहिला होता. हे मी तिला शिकवलेलं नव्हतं. शब्दाला ती ज्या प्रेमाने हात घालत होती तेही माझं नव्हतं, बाईंचंही नव्हतं. तिचं तिनं कमावलं होतं, माझ्या पाठीमागे. मी मास्कच्या आत दात घट्ट मिटून बसले होते. पहिलं गाणं झालं, दुसरं झालं. सूर कुठे केसभर हलला नाही. इतकी वर्षं मी दुसऱ्यांच्या गाण्यात चुका शोधत ऐकलं, आणि इथे चूक सापडू नये म्हणून देवाला हात जोडत होते.

तिसऱ्या गाण्यात बाजूचं दार उघडून कुणी काका आत आले. उन्हाचा पट्टा सरळ आमच्या रांगेवर पडला. लेक वरच्या सुराकडे चढत होती, तिची नजर उजेडाबरोबर मागे आली आणि माझ्यावर थांबली. मास्क असून तिनं ओळखलं. त्याच क्षणी तो सूर उतरला. अगदी थोडा, आज्यांना पत्ताही लागला नाही. दार मिटलं, तिनं नजर काढून घेतली आणि पुढच्या ओळीत सूर सावरला. चौथं गाणं स्वच्छ. पाचवं स्वच्छ. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. पण मला कळून चुकलं होतं. जगात कुणासमोरही हिचा सूर ढळत नाही. फक्त मी दिसले की ढळतो. हे मी केलेलं होतं.

ती पाण्याची बाटली घेऊन बाहेर पायरीवर आली. नवरा ‘झकास!’ म्हणाला. मी मान हलवली, तीही बेतानेच. बोलायचं नाही असं ठरलं होतं. ती थोडं पाणी प्यायली, झाकण लावलं, पुन्हा उघडलं.

‘आई, से समथिंग लाह.’

‘तूच नको म्हणाली होतीस.’

‘आता मी विचारतेय. थर्ड साँगमध्ये फ्लॅट गेले ना मी? सूर उतरला ना?’

नाही म्हणणं किती सोपं होतं. पण तिला कळलं असतं, आणि मग मी जे काही म्हणाले असते ते तिनं कधीच खरं मानलं नसतं.

‘गेलीस,’ मी म्हटलं. ‘मी दिसले तेव्हा.’

‘हं.’

‘पुढच्या वेळी मी बाहेर बसते. इथे, पायरीवर. इथून चांगलं ऐकू येतं.’

आतून तिला कुणीतरी हाक मारली, तिनं तिकडे लक्ष दिलं नाही.

‘नको,’ ती म्हणाली. ‘पुढे बस. पहिल्या रांगेत. मला तुझी सवय व्हायला हवी.’